इंजिन बंद केल्यावर होडी किती पुढे जाते? वेग ‘निम्मा-निम्मा’ करणारं सूत्र आणि त्याच्या मर्यादा

रायगड जिल्ह्यात महाडजवळचं सव हे गाव सावित्री नदीकाठच्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखलं जातं. या झऱ्याचं पाणी बादलीत भरून ठेवलं, तर ते आधी भराभर निवतं आणि मग अगदी हळूहळू. नदीत चालत्या होडीचं इंजिन बंद केलं, तर तिचा वेगही आधी पटकन उतरतो आणि मग ती बराच वेळ रेंगाळत पुढे सरकते. पावसाळ्यात सावित्रीचा पूर ओसरतानाही पहिल्या काही तासांत पाणी झपाट्याने उतरतं आणि शेवटचं पाणी मात्र निघता निघत नाही.

तिन्ही गोष्टींचा आलेख काढला, तर आकार जवळपास सारखा दिसतो. सुरुवातीला तीव्र उतार आणि पुढे लांबलचक सपाट शेपूट. या आकाराला गणितात ‘घातांकी ऱ्हास’ म्हणतात. विज्ञानात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सूत्रांपैकी हे एक आहे.

पण आकार सारखा दिसला म्हणजे गणितही सारखं असेल, असं नाही. चुकीच्या ठिकाणी हे सूत्र लावलं, तर होडी धक्क्यावर आपटू शकते, गाडी थांबायला लागणारं अंतर निम्मंच धरलं जाऊ शकतं आणि पूर ओसरण्याची वेळ साफ चुकू शकते. हे सूत्र नेमकं काय सांगतं, कुठे चालतं आणि कुठे दगा देतं, ते समजून घेऊया.

घातांकी ऱ्हास म्हणजे काय?

एका वाक्यात सांगायचं तर, जेवढं शिल्लक आहे त्याच्या प्रमाणात घट होत राहणं म्हणजे घातांकी ऱ्हास. जास्त शिल्लक असेल तर घट जास्त, कमी शिल्लक असेल तर घट कमी.

गरम पाण्याचंच उदाहरण घ्या. समजा, बादलीतलं पाणी ४२ अंश सेल्सिअस आहे आणि बाहेरची हवा २६ अंश. दोघांतला फरक १६ अंशांचा. अर्ध्या तासात हा फरक निम्मा झाला, म्हणजे ८ अंश उरला, असं धरू. पुढच्या अर्ध्या तासात तो ४ होईल, त्यानंतर २, मग १. म्हणजेच दर अर्ध्या तासाला पाण्याचं तापमान ४२, ३४, ३०, २८, २७ असं उतरत जाईल.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, निम्मं व्हायला लागणारा वेळ दर वेळी तेवढाच असतो. दुसरी, निम्मं काय होतं तर हवा आणि पाणी यांच्यातला फरक. पाणी शून्य अंशाकडे जात नाही, ते हवेच्या तापमानाकडे जातं. ही दुसरी गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

वस्तू निवण्याचा हा नियम आयझॅक न्यूटनने १७०१ मध्ये मांडला. किरणोत्सारी पदार्थांचं ‘अर्धायुष्य’ याच गणितातून येतं.

निम्मं होण्याच्या भाषेऐवजी गणितात बहुतेकदा ‘ई’ ही संख्या वापरतात. तिची किंमत सुमारे २.७१८ आहे. एखादी गोष्ट मूळच्या सुमारे ३७ टक्के उरायला जो वेळ लागतो, त्याला ‘कालस्थिरांक’ म्हणतात. निम्मं होण्याच्या वेळेला १.४४ ने गुणलं, की कालस्थिरांक मिळतो. पुढचं सगळं समजायला एवढं पुरेसं आहे.

तुमच्या फोनमध्येही हेच सूत्र

मोबाइलवर वाचताना बोटाने स्क्रीन झटकली, की बोट उचलल्यावरही मजकूर थोडा वेळ सरकत राहतो आणि मग अलगद थांबतो. हे सरकणं नैसर्गिक वाटावं म्हणून त्यामागे गणित बसवलेलं असतं.

आयफोनसाठी ॲप बनवणाऱ्यांना ॲपलने यासाठी एक ठरावीक आकडा दिला आहे, ०.९९८. दर मिलिसेकंदाला सरकण्याचा वेग आधीच्या वेगाच्या ०.९९८ पट होतो. म्हणजे वेग निम्मा व्हायला साधारण ०.३५ सेकंद लागतात. एका सेकंदानंतर मूळ वेगाचा सुमारे साडेतेरा टक्के भाग उरतो. हा शुद्ध घातांकी ऱ्हास झाला.

यात एक अडचण आहे. या सूत्राप्रमाणे वेग कधीच शून्य होत नाही. निम्म्याचा निम्मा, त्याचाही निम्मा, असं चालूच राहतं. म्हणून वेग एका मर्यादेखाली गेला, की ‘आता थांबलं’ असं सॉफ्टवेअरला वेगळं सांगावं लागतं.

फोनच्या पडद्यावर हे सूत्र तंतोतंत लागू पडतं, कारण तिथला नियम इंजिनिअरने लिहिलेला आहे. नदीत, रस्त्यावर आणि हवेत नियम निसर्गाचे असतात. तिथे सूत्र लागू पडतं की नाही, हे तपासूनच ठरवावं लागतं.

होडीचं गणित

समजा, सवच्या काठाजवळ संथ पाण्यात एक होडी सेकंदाला ४ मीटर वेगाने चालली आहे. इंजिन बंद केलं आणि ५ सेकंदांत तिचा वेग २ मीटरवर आला. प्रश्न असा, की होडी एकूण किती पुढे जाईल?

घातांकी ऱ्हास गृहीत धरला, तर दर ५ सेकंदांनी वेग निम्मा होईल. सेकंदाला ४, मग २, मग १, मग अर्धा मीटर. कालस्थिरांक आला ५ गुणिले १.४४, म्हणजे ७.२ सेकंद.

इथे सूत्राची एक गंमत आहे. होडी थांबायला लागणारा वेळ अनंत, पण ती कापणार असलेलं अंतर मात्र मर्यादित! सुरुवातीचा वेग गुणिले कालस्थिरांक एवढंच ते अंतर असतं. ४ गुणिले ७.२, म्हणजे सुमारे २९ मीटर. अर्धी भाकरी खाल्ली, मग उरलेल्याची अर्धी, मग त्याची अर्धी, असं कितीही वेळा केलं तरी एका भाकरीपेक्षा जास्त खाता येत नाही, तसंच हे.

उत्तर सुटसुटीत आहे. पण ते एका गृहीतकावर उभं आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या सरळ प्रमाणात असतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोधही दुप्पट, हे ते गृहीतक. होडीच्या बाबतीत ते खरं आहे का?

न्यूटनलाही शंका होती

न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या दुसऱ्या खंडात तो याच प्रश्नाकडे वळतो. आधी त्याने विरोध वेगाच्या प्रमाणात आहे असं धरून हिशेब केला, मग वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरून केला आणि नंतर दोन्ही एकत्र धरून केला.

पहिला हिशेब संपवताना त्याने एक टीप जोडली. विरोध वेगाच्या प्रमाणात असतो हे गृहीतक निसर्गाशी जुळणारं कमी आणि गणिताच्या सोयीचं जास्त आहे, असा तिचा आशय. म्हणजे या सूत्राच्या मर्यादेचा इशारा तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच दिला गेला आहे.

तीन प्रकारचा विरोध, तीन वेगळी उत्तरं

चालत्या वस्तूला अडवणारा विरोध ढोबळमानाने तीन प्रकारचा असतो.

पहिला, वेग कितीही असो, तेवढाच राहणारा विरोध. कोरड्या पृष्ठभागावरचं घर्षण साधारण असं असतं. जमिनीवर ढकललेली पेटी किंवा चाकं जाम करून घसरणारी गाडी ही याची उदाहरणं.

दुसरा, वेगाच्या सरळ प्रमाणात वाढणारा विरोध. अतिशय बारीक कण पाण्यात खाली बसतात किंवा वस्तू मधासारख्या घट्ट द्रवातून सावकाश जाते, तेव्हा असा विरोध असतो. फक्त याच प्रकारात खरा घातांकी ऱ्हास मिळतो.

तिसरा, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा विरोध. वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट. होडी, सायकलस्वार, गाडीवर येणारा वारा आणि पावसाचे मोठे थेंब या प्रकारात मोडतात.

आता आपली होडी तिन्ही नियमांनी चालवून पाहू. तिन्ही वेळा पहिल्या ५ सेकंदांत वेग ४ वरून २ वर आला असं धरू.

कायम विरोध: पुढचं निम्मं अडीच सेकंदांत, त्यापुढचं सव्वा सेकंदात. बरोबर दहाव्या सेकंदाला होडी थांबते. एकूण अंतर २० मीटर.

वेगाच्या प्रमाणात विरोध: दर वेळी ५ सेकंद. वेग अर्ध्या मीटरवर येईपर्यंत सुमारे २५ मीटर आणि कितीही वाट पाहिली तरी एकूण २९ मीटरच्या आत.

वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात विरोध: पुढचं निम्मं १० सेकंदांत, त्यापुढचं २० सेकंदांत. वेग अर्ध्या मीटरवर येईपर्यंत होडी सुमारे ४२ मीटर गेलेली असते आणि तरीही पुढे सरकतच असते. या प्रकारात प्रत्येक वेळी वेग निम्मा होताना तेवढंच अंतर कापलं जातं, इथे सुमारे १४ मीटर.

पहिले पाच सेकंद तिन्ही होड्या जवळपास सारख्याच दिसतात. त्यांनी कापलेलं अंतरही १४ ते १५ मीटरच असतं. फरक पडतो तो पुढे. खऱ्या होडीला होणारा विरोध बराचसा तिसऱ्या प्रकारचा असतो. म्हणून २९ मीटरचा हिशेब धरून ३० मीटरवरच्या धक्क्याकडे निर्धास्तपणे होडी सोडली, तर ती धडकणारच. अनुभवी नावाडी सूत्र न लिहिताही हे जाणतात. ते इंजिन बरंच आधी कमी करतात आणि शेवटी उलटं चालवून किंवा दोर टाकून होडी थांबवतात. सावित्रीच्या मुखाशी बागमांडला आणि वेश्वी यांच्यामध्ये गाड्या वाहणारी फेरीबोट धक्क्याला लागताना पाहिली, तर हेच दिसतं.

घरच्या घरी करता येणारी चाचणी

कोणतं सूत्र लावायचं हे ठरवायला मोठं यंत्र लागत नाही. वेग निम्मा व्हायला लागणारा वेळ पुन्हा पुन्हा मोजायचा, एवढंच. हा वेळ दर वेळी तेवढाच राहिला तर ऱ्हास घातांकी. वेळ कमी कमी होत गेला तर कायम घर्षणाचा पगडा. वाढत गेला तर वेगाच्या वर्गाचा विरोध.

छताच्या पंख्यावर हे करून पाहता येईल. एका पात्याला रंगीत कागद चिकटवा, पंखा सुरू करा, मग बंद करून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. नंतर व्हिडिओत एकेका फेरीला किती वेळ लागला ते मोजा. सुरुवातीला पात्यांना हवेचा विरोध जास्त असतो. वेग उतरला की हवेचा विरोध नगण्य होतो आणि बेअरिंगचं घर्षण उरतं. म्हणूनच पंखा रेंगाळत राहत नाही, शेवटी ठरावीक वेळी थांबतो.

यात एक सापळा आहे. हवेच्या विरोधामुळे निम्मं होण्याचा वेळ वाढत जातो, घर्षणामुळे तो कमी होत जातो. दोन्ही एकत्र असले, की मधल्या टप्प्यात हा वेळ जवळपास सारखा दिसू शकतो. म्हणजे खरा नियम वेगळाच असताना मधल्या भागावर घातांकी सूत्र झकास बसतं! पण त्याच रेषेवरून पुढचा अंदाज बांधला, की तो चुकतो. सूत्र मोजलेल्या भागावर जुळलं म्हणजे न मोजलेल्या भागावरही जुळेल, याची खात्री नसते.

घाटातला ब्रेक: इथे चूक महागात पडते

पोलादपूरच्या एका बाजूला मुंबई-गोवा महामार्गावरचा कशेडी घाट आणि दुसऱ्या बाजूला महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट. पावसाळ्यात हे रस्ते ओले असतात आणि वळणापलीकडचं दिसत नाही. इथे ‘वेग दुप्पट, म्हणजे थांबायला अंतरही दुप्पट लागेल’ असं अनेकांना मनातून वाटत असतं.

घातांकी ऱ्हासात हे बरोबर ठरलं असतं, कारण तिथे एकूण अंतर सुरुवातीच्या वेगाच्या सरळ प्रमाणात असतं. पण ब्रेक लावलेली गाडी प्रामुख्याने टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाने थांबते. हा पहिल्या प्रकारचा विरोध. त्यात अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

ओल्या सपाट रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण ४ मीटर प्रति सेकंद एवढा कमी होतो असं धरू. ताशी ३० किलोमीटर वेग असेल तर ब्रेक लागल्यानंतर गाडी सुमारे ९ मीटरमध्ये थांबेल. ताशी ६० असेल तर १८ नव्हे, जवळपास ३५ मीटर लागतील. अंदाजातला हा १७ मीटरचा फरक एसटी बसच्या लांबीपेक्षा जास्त आहे.

त्यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ मिळवा. तो एक सेकंद धरला, तर ताशी ६० वेगाने गाडी तेवढ्यातच आणखी सुमारे १७ मीटर गेलेली असते. एकूण झाले ५२ मीटर. उतार असेल तर गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरोधात काम करतं. दर २० मीटरला १ मीटर उतार धरला, तर ब्रेकनंतरचे ३५ मीटर ४० च्या आसपास जातात.

तळ नेहमी शून्य नसतो

आता पुन्हा बादलीकडे वळू. पाणी शून्य अंशाकडे जात नव्हतं, हवेच्या तापमानाकडे जात होतं. होडीचंही तसंच आहे. पाणी होडीला अडवतं ते पाण्याच्या तुलनेत असलेल्या तिच्या वेगाला, काठाच्या तुलनेतल्या वेगाला नव्हे. नदी वाहत असेल, तर होडीचा वेग शून्याकडे नाही, प्रवाहाच्या वेगाकडे उतरत जातो.

सावित्रीत याला आणखी एक पदर आहे. बाणकोटच्या खाडीतून येणारी भरती महाडच्या परिसरापर्यंत चढते. याच भरतीच्या पाण्यावर पूर्वी गलबतं आत येत आणि महाड हे बंदर म्हणून ओळखलं जाई. म्हणजे इथे प्रवाहाची दिशाच दिवसातून अनेकदा बदलते. ओहोटीला इंजिन बंद केलेली होडी समुद्राकडे वाहत जाईल, भरतीला उलट वर सरकेल. ‘तळ’ स्वतःच हलत असेल, तर एकच वेग आणि एकच कालस्थिरांक घेऊन केलेला हिशेब टिकत नाही.

पूर ओसरताना काय होतं?

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून वाहत हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामध्ये समुद्राला मिळते. वाटेत महाड परिसरात गांधारी आणि काळ या नद्या तिला येऊन मिळतात.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. २२ जुलैला महाड शहर पाण्याखाली होतं आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसांचा जीव गेला. अशा वेळी ‘पाणी कधी उतरेल’ हा प्रश्न फक्त अभ्यासाचा राहत नाही. मदत पथकं कधी पोहोचतील, माळ्यावर अडकलेली माणसं कधी खाली येतील, दुकानदाराने माल हलवायचा की थांबायचं, हे सगळं त्यावर ठरतं.

जलशास्त्रात पूर ओसरण्याचा अंदाज बांधायला घातांकी सूत्र वापरण्याची पद्धत जुनी आहे. फ्रेंच अभ्यासक एडमंड माये यांनी १९०५ मध्ये नद्यांच्या उतरत्या प्रवाहासाठी ते मांडलं. कल्पना सोपी आहे. पाणलोट क्षेत्र म्हणजे भोक असलेली टाकी. टाकीत जितकं पाणी जास्त, तितकी धार मोठी. पाणी कमी होईल तशी धारही बारीक होत जाते. पाऊस पूर्ण थांबला असेल, तर काही काळ नदी खरोखर याच नियमाजवळ राहते.

पण मर्यादा चार आहेत.

पहिली, टाक्या अनेक असतात. डोंगरउतारावरचं पाणी काही तासांत वाहून जातं, जमिनीत मुरलेलं पाणी आठवडे, महिने झिरपत राहतं. प्रत्येकाचा कालस्थिरांक वेगळा. सुरुवातीच्या झपाट्यावरून शेवटचा अंदाज बांधता येत नाही.

दुसरी, पाऊस थांबलेला नसतो. महाडला ऊन पडलं तरी महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावर कोसळत असू शकतो. टाकी रिकामी होत असतानाच वरून भरतही असते.

तिसरी, प्रवाह आणि पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूत्र प्रवाहाला लावलेलं असतं, घरात शिरलेल्या पाण्याच्या उंचीला नाही. नदीचं पात्र अरुंद आहे की पाणी शेतात पसरलंय, पात्रात गाळ किती साचलाय, यावर तोच प्रवाह वेगवेगळी उंची दाखवतो.

चौथी, भरती. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. भरतीच्या वेळी पुराच्या पाण्याला समुद्राकडे जायला वाट मिळत नाही. ते तुंबतं, कधी पुन्हा वर चढतं. त्यामुळे पाणी गुळगुळीत वक्राने न उतरता पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं.

एक काल्पनिक हिशेब पाहा. संध्याकाळी ६ वाजता रस्त्यावर ४ मीटर पाणी आहे, मध्यरात्री २ मीटर. सूत्र म्हणेल, सकाळी ६ ला १ मीटर. पण पहाटे मोठी भरती असेल आणि घाटावर पाऊस सुरू असेल, तर सकाळीही २ मीटरच पाणी असू शकतं, किंवा त्याहून जास्त. म्हणून पुरात एका आकड्यावरून पुढचा अंदाज न बांधता दर तासाची पातळी, भरतीची वेळ आणि वरच्या भागातला पाऊस, या तिन्हींकडे एकत्र पाहावं लागतं.

एकाच नदीत, एकाच रात्री

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन बस आणि काही वाहनं प्रवाशांसह नदीत पडली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि तटरक्षक दल कित्येक दिवस शोध घेत होतं.

पाण्यात पडलेली वस्तू किती लांब गेली असेल? या प्रश्नाला सावित्रीने त्या वेळी एकच उत्तर दिलं नाही. बसचा सांगाडा पुलापासून काहीशे मीटरवरच नदीच्या तळाशी मिळाला. काही मृतदेह मात्र थेट खाडीत आणि समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेलेले होते.

जड वस्तू तळाला टेकली, की घर्षण आणि गाळ तिला धरून ठेवतात. तिच्यासाठी ‘हळूहळू थांबणं’ असा प्रकारच नाही, ती एका ठिकाणी अडकते. तरंगणाऱ्या गोष्टीचा वेग शून्याकडे उतरतच नाही, ती पाण्याच्या वेगाने, भरती-ओहोटीबरोबर पुढे-मागे जात राहते. दोन्हीकडे घातांकी सूत्र निरुपयोगी आहे. त्यामुळेच शोधपथकांना पुलाजवळचा तळ आणि लांबवरची खाडी, अशा दोन्ही टोकांना काम करावं लागतं.

मग हे सूत्र खरं कुठे चालतं?

एक उत्तम उदाहरण पूर गेल्यावर घरात उरणाऱ्या गढूळ पाण्यात आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दाखवलं, की अतिशय बारीक, गोल कणांना होणारा पाण्याचा विरोध वेगाच्या सरळ प्रमाणात असतो. इथे घातांकी नियम चोख लागू पडतो. कण खाली पडायला लागला, की त्याचा वेग सेकंदाच्या अगदी बारीक अंशात एका ठरावीक वेगाला पोहोचतो आणि मग तो त्याच वेगाने खाली जातो.

०.०२ मिलिमीटर व्यासाचा मातीचा कण संथ पाण्यात १ मीटर खाली बसायला साधारण पाऊण तास घेतो. त्याच्या दहावा भाग व्यास असलेला चिकणमातीचा कण शंभरपट हळू जातो, म्हणजे त्याला तीन दिवसांहून अधिक लागतात. बादलीतलं गढूळ पाणी वरून लवकर निवळल्यासारखं दिसतं, पण त्यात धूसरपणा कितीतरी वेळ राहतो, तो यामुळे.

याशिवाय थोड्या वेळापुरता, मोजलेल्या टप्प्याच्या आतला अंदाज हवा असेल, तर घातांकी सूत्र अनेकदा पुरेसं ठरतं. चुकतं ते त्याची शेपूट लांबवर ओढली की.

सूत्र लावण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

१. अडवतंय काय? कायम घर्षण, वेगाच्या प्रमाणातला विरोध, की वेगाच्या वर्गाचा? खात्री नसेल तर निम्मं होण्याचा वेळ किमान तीनदा मोजा. एकदाच मोजून काहीच कळत नाही.

२. तळ कोणता? वस्तू शून्याकडे जातेय, की हवेच्या तापमानाकडे, प्रवाहाच्या वेगाकडे, भरतीच्या पातळीकडे? आणि तो तळ स्थिर आहे का?

३. अंदाज कुठवर ताणताय? मोजणी जिथे संपली, तिथपासून पुढचा प्रत्येक आकडा गृहीतकावर उभा असतो. चुकीची किंमत मोठी असेल, तर पुन्हा मोजा.

सोशल मीडियावर पुराच्या काळात ‘एवढ्या तासांत पाणी उतरेल’ असे मेसेज फिरतात. तासातासाला खाली येणारी रेषा पाहून ती तशीच उतरत राहील असं वाटणं साहजिक आहे. पण त्या मेसेजमध्ये भरतीची वेळ आणि घाटमाथ्यावरचा पाऊस यांचा उल्लेख नसेल, तर त्यावर विसंबून घराबाहेर पडू नका. प्रशासनाची सूचना येईपर्यंत उंचावरच थांबणं सुरक्षित.